डावीकडे मूळ, उजवीकडे मशीन

प्रोग्राम रूममधल्या संगणकाच्या पडद्याला दोन रंगांच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. डाव्या कडेला लाल, उजव्या कडेला हिरवी. वायरमन वापरतात ती टेप. लाल बाजूला मूळ प्रोग्राम, तो फक्त बघायचा. हिरव्या बाजूला मशीनवरची प्रत, तिच्यात लिहिलं तर चालेल. नव्या माणसाला देवरे सर एवढंच शिकवायचे आणि मग विचारायचे, "काय कळलं?"

तो म्हणायचा, "लालला हात लावायचा नाही."

"हात लाव. टाइप करू नको."

वसंत देवरे अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मशीनचे प्रोग्राम लिहायचे. पंपाची हाउसिंग, म्हणजे पंपाचं लोखंडी कवच, हा तिथला मुख्य माल. ओतलेलं लोखंड मशीनवर चढवायचं, आणि हत्यार किती पुढे जाईल, किती खोल जाईल, किती वेगाने फिरेल, हे आकड्यांच्या ओळींत लिहून मशीनला द्यायचं. ती ओळींची फाईल म्हणजे प्रोग्राम. एका प्रोग्राममध्ये दोनशेच्या वर ओळी असत. त्यातला एक आकडा चुकला तर लोखंड ते निमूटपणे ऐकतं.

मी त्या कारखान्यात कागदपत्रं लिहिण्याचं काम करायचो. त्याआधी एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. माझं टेबल प्रोग्राम रूमच्या काचेला लागून होतं, त्यामुळे देवरे सर सात वर्षं रोज दिसले.

ते सटाण्याकडचे. उंच, किंचित वाकलेले, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं आणि स्टीलची सहा इंची पट्टी. नाशिकमध्ये तीस वर्षं काढूनही विचारात पडले की तोंडातून अहिराणी निघायची. पडद्याकडे बघत "हाई काय शे?", म्हणजे हे काय आहे, असं पुटपुटले की समजायचं, काहीतरी न पटणारं दिसलंय आणि पुढचा अर्धा तास त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

दोन गोष्टी सारख्या आहेत, असं ते कधी म्हणत नसत. दोन फायली ताडून पाहिल्या आणि काही निघालं नाही, तर "फरक सापडला नाही" असं म्हणायचे. एकदा उत्पादन व्यवस्थापक बोरस्ते साहेब वैतागले.

"अहो देवरे, म्हणजे सेमच ना?"

"मी तसं कुठं म्हटलं? सापडला नाही, एवढंच म्हणतो."

"काय फरक पडतो?"

"तेच तर बघायचंय."

ताडून पाहणं हा त्यांचा स्वभावच होता. संगणकावर तुलनेची सोय येण्याआधी ते दोन्ही प्रोग्राम कागदावर छापायचे, एकावर एक ठेवायचे आणि शेडच्या पश्चिमेकडच्या खिडकीच्या काचेवर धरायचे. उन्हात दोन्ही कागदांवरची अक्षरं एकमेकांवर बसत. जिथे बसत नसत तिथे काळपट डाग दिसे. म्हणून प्रोग्राम तपासायची वेळ दुपारी चारनंतरची असे, आणि पावसाळ्यात कामं तुंबत. मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेची दोन प्रुफं त्यांनी अशीच काचेवर धरली आणि छापखान्याला फोन केला, "दुसऱ्या प्रुफात एक मामा गळालाय." छापखानेवाला म्हणाला की जागा पुरत नव्हती. देवरे म्हणाले, "मग माझं नाव बारीक करा. मामा राहू द्या. त्यांना मला तोंड दाखवायचंय."

त्यांच्या सवयी बहुतेक अशा कारण असलेल्या होत्या. प्रत्येक बदलानंतर आधी सेव्ह करायचं, मग पुढचा विचार. अंबडला वीज कधी जाईल याचा नेम नसे आणि त्या संगणकाची बॅटरी केव्हाच संपलेली होती. चहा अर्धा प्यायचे, कारण उरलेला पिईपर्यंत मशीनवरून कुणीतरी बोलवायला येतंच, असं त्यांचं निरीक्षण होतं. आणि बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ती वहीत लिहायची, मग बघायचं. दोन गोष्टी एकदम बदलणाऱ्या माणसाला ते टाळायचे.

संगणक जुना होता. जुना म्हणजे त्याच्या ऑपरेटिंग सिस्टीमचे अपडेट येणं बंद होऊनही बरीच वर्षं झाली होती. पण मशीनही तितकंच जुनं. त्याच्याशी बोलणारी जाड केबल आणि प्रोग्राम पाठवणारं सॉफ्टवेअर त्याच संगणकावर चालायचं. नव्या संगणकाला ती केबल लावायला भोकच नव्हतं.

मी लागलो त्या वर्षी कॉलेज रोडवरच्या एका दुकानातून संगणक दुरुस्त करणारा माणूस आला आणि त्याने चांगल्या हेतूने टेक्स्ट एडिटरची नवी आवृत्ती टाकली. दुसऱ्या दिवशी एडिटर उघडला, पण फायली ताडून पाहायचा मेनू गायब. तो माणूस पुन्हा आला, खटपट केली आणि म्हणाला, "सर, सिस्टीमच एवढी जुनी आहे. टाकून द्या आता."

"मशीन पण टाकू का?"

"मशीन कितीचं आहे?"

देवरे सरांनी ड्रॉवरमधून एडिटरच्या जुन्या आवृत्तीची सीडी काढली, रुमालाने पुसली आणि वही उघडली. ती दुरुस्ती दोन दिवस चालली. मी काचेतून बघत होतो. पहिल्या दिवशी जुनी आवृत्ती बसली आणि मेनू परत आला. संगणकाने पुन्हा आपण होऊन नवं काही ओढून घेऊ नये म्हणून त्यांनी इंटरनेटची वायर काढली आणि त्या भोकात पेनचं टोपण बसवलं. पण मेनू दाबला की संदेश यायचा: फाईल सापडत नाही. फाईल तर समोर दिसत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारण निघालं. प्रोग्राम दोन फोल्डरमध्ये ठेवलेले होते. एकाचं नाव 'प्रोग्राम्स मास्टर', दुसऱ्याचं 'प्रोग्राम्स मशीन'. तुलनेचं साधन जुन्या वळणाचं होतं. नावातल्या पहिल्या शब्दानंतर रिकामी जागा आली की त्याला वाटायचं, नाव संपलं. ते 'प्रोग्राम्स' एवढंच शोधायला जायचं आणि तसं तिथे काही नसायचं.

त्यावर त्यांनी जो उपाय केला तो पुढे महत्त्वाचा ठरला, म्हणून सांगतो. ती ऑपरेटिंग सिस्टीम प्रत्येक लांब नावाचं एक आखूड नाव आपल्यापाशी ठेवायची. नावाची पहिली सहा इंग्रजी अक्षरं आणि पुढे एक क्रमांक. दोन्ही फोल्डरची पहिली सहा अक्षरं एकच होती, त्यामुळे आधी बनलेला मास्टर हा एक नंबर आणि नंतर बनलेला मशीन हा दोन नंबर. देवरे सरांनी एडिटरला सांगून ठेवलं: डावीकडे एक नंबर उघड, उजवीकडे दोन नंबर. आखूड नावात रिकामी जागा नसल्याने साधन चालू लागलं. त्यांनी लाल आणि हिरवी टेप त्याच संध्याकाळी लावली.

"आता बराबर शे," ते म्हणाले.

पुढची सहा वर्षं तसंच चाललं. नियम असा होता की मूळ फाईल कुणी सरळ उघडायची नाही. उघडली की चुकून कळ दाबली जाते. बघायची तर तुलनेच्या खिडकीतून, लाल पट्टीकडे. लॉटच्या सुरुवातीला मूळ प्रोग्राम मशीनला पाठवायचा, आणि लॉट संपला की मशीनमधला प्रोग्राम केबलने परत वाचून घ्यायचा आणि मूळ प्रोग्रामशी ताडायचा. फरक निघाला तर ऑपरेटरला विचारायचं. मशीनच्या पॅनेलवरून ऑपरेटरला आकडा बदलता येत असे, पण तो बदलायचा नाही आणि बदललाच तर रजिस्टरमध्ये सही करायची.

मग संगणकाच्या डिस्कमधून टिकटिक आवाज येऊ लागला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कारखान्यात मशीनची पूजा असते. मशीनला झेंडूच्या माळा घालतात आणि दुपारनंतर काम बंद असतं. देवरे सरांनी तो वेळ साधून नवी डिस्क बसवली, जुन्या डिस्कवरचं सगळं तिच्यावर उतरवलं आणि तिलाही हळदकुंकू लावलं. सहा-सात प्रोग्राम ताडून पाहिले. फरक सापडला नाही.

त्यानंतर महिन्याभराने अकरा हाउसिंग रद्द झाली.

आत जे गोल भोक पाडतात त्याची खोली साडेअठरा मिलिमीटर हवी होती. साठांच्या लॉटमध्ये अकरा नगांत ती साडेवीस निघाली. तळ पातळ झाला होता. असे नग दुरुस्त होत नाहीत, भंगारात जातात. मशीनवर आनंदा गावित होता. पेठ तालुक्यातला, वय चाळिशीच्या आसपास, नऊ वर्षं काँट्रॅक्टवर. त्या महिन्यात तीन काँट्रॅक्ट ऑपरेटर परमनंट करायचे होते आणि यादीत त्याचं नाव दुसरं होतं. यादी सोमवारी मुख्य कार्यालयात जायची होती. हे शुक्रवारी सकाळचं.

प्रोग्राम रूममध्ये बोरस्ते साहेब, गावित आणि देवरे सर उभे होते. अहवाल लिहायचा म्हणून मला आत बोलावलं. पडद्यावर तुलनेची खिडकी उघडी होती. एकच ओळ रंगलेली. लाल पट्टीकडे, म्हणजे मूळ प्रोग्राममध्ये, साडेअठरा. हिरव्या पट्टीकडे, म्हणजे मशीनमधून परत आलेल्या प्रतीत, साडेवीस.

देवरे सर म्हणाले, "फरक सापडला."

बोरस्ते साहेबांनी गावितकडे पाहिलं. "बोल. मूळ बरोबर आहे. तुझ्या मशीनवर आकडा बदलला. दुसऱ्या पंपाची खोली साडेवीस असते. शेवटी घाईत ती टाकलीस ना?"

"नाय साहेब. उलटं हाय," गावित म्हणाला. "प्रोग्रामच साडेवीसचा आलेला. अकरा नग तसेच गेले. बाराव्याला गेज लावून खोली मोजायची असते, तवा कळलं. मग मी साडेअठरा टाकला."

"म्हणजे पहिले अकरा खराब?"

"पयले."

"आणि मी म्हणतो शेवटचे. नग तर पेटीत मिसळलेत. आता स्क्रीन खोटं बोलतेय का?"

"स्क्रीनचं मला काय म्हायती? मी नगाचं सांगतो."

"आकडा बदललास तर रजिस्टरला सही का नाही?"

"सहीला खाना कुठं हाय आमच्या? काँट्रॅक्टवाल्याची सही चालत नाय, असं तुम्हीच म्हणले व्हते. सुपरवायझर रजेवर व्हता. मोहिते बाबूला तोंडी सांगितलं."

मोहिते बाबू म्हणजे स्टोअरचे कारकून. त्यांना आठवत नव्हतं. मशीनच्या मेमरीत त्यानंतर दुसरा प्रोग्राम चढला होता, त्यामुळे तिथेही काही उरलं नव्हतं. बोरस्ते साहेबांनी यादीतल्या दुसऱ्या नावाभोवती पेन्सिलने गोल केला आणि संध्याकाळपर्यंत अहवाल द्या, असं मला सांगून गेले. गावित देवरे सरांकडे बघत उभा राहिला. ते पडद्याकडे बघत होते. तो गेला.

मी अहवाल लिहिला. डेस्कवर लागलेल्या सवयीने दोन्ही बाजू लिहिल्या. व्यवस्थापनाच्या मते शेवटचे अकरा नग, ऑपरेटरच्या म्हणण्यानुसार पहिले अकरा. सही करण्याआधी देवरे सर तो उभ्याने वाचत होते. एका ओळीवर त्यांनी पट्टी ठेवली.

"हे 'पहिले अकरा' तपासलं का?"

"कसं तपासणार?"

"मग लिहिलं कशाला?"

"तो म्हणाला म्हणून."

त्यांनी कागद ठेवला आणि खुर्चीत बसले. तुलनेची खिडकी अजून उघडी होती. तिच्या तळाशी दोन्ही बाजूंना फाईलच्या ओळींची संख्या बारीक अक्षरात दिसते. तिथे सहसा कुणी बघत नाही. डावीकडे दोनशे तेरा. उजवीकडे दोनशे बारा.

"हाई काय शे?"

मी विचारलं, काय झालं. त्यांनी हाताने थांब म्हटलं. मग माझ्याकडे न बघता, स्वतःलाच समजावल्यासारखं बोलले. प्रोग्राम मशीनमधून केबलने परत येताना केबल शेवटी एक रिकामी ओळ सोडते. नेहमीच. त्यामुळे मशीनची प्रत मूळ प्रतीपेक्षा एका ओळीने लांब असते. दर वेळी तो फरक दिसून डोकं उठायचं, म्हणून त्यांनीच तुलनेच्या साधनाला 'रिकाम्या ओळी सोडून दे' असं सांगून ठेवलं होतं. म्हणजे दोनशे तेरा उजवीकडे हवं. ते डावीकडे होतं.

त्यांनी वही काढली. एकच गोष्ट बदलायची, या नियमाने. रिकाम्या ओळी सोडायची खूण काढली आणि पुन्हा तुलना केली. शेवटची रिकामी ओळ डावीकडे उगवली, लाल पट्टीला चिकटून. लिहून घेतलं. मग त्यांनी दोन नव्या छोट्या फायली केल्या, दोन्हींना एकच नाव दिलं. मास्टर फोल्डरमधल्या फाईलमध्ये फक्त आपल्या गावाचं नाव लिहिलं आणि मशीन फोल्डरमधल्या फाईलमध्ये गावितचं पेठ. तुलना केली.

लाल पट्टीकडे पेठ आलं. हिरव्या पट्टीकडे त्यांचं गाव.

चहा आला, तो ते पूर्ण प्यायले. मग त्यांनी मला सांगितलं, त्यात कुठेही अडखळले नाहीत. खंडेनवमीला नवी डिस्क बसवली तेव्हा फोल्डर एकामागून एक उतरले, ते इंग्रजी नावांच्या अक्षरक्रमाने. मशीन आधी, मास्टर नंतर. नव्या डिस्कवर जो आधी आला त्याला एक नंबर मिळाला. एडिटर मात्र अजून डावीकडे एक नंबर आणि उजवीकडे दोन नंबर उघडत होता. खिडकीच्या दोन्ही बाजूंची अदलाबदल झाली होती. महिनाभर कुणाला कळलं नाही, कारण महिनाभर ताडलेल्या कुठल्याच दोन फायलींत फरक नव्हता.

"म्हणजे गावित खरं बोलतोय," मी म्हणालो. "डावीकडे दिसतंय ते त्याच्या मशीनचं. साडेअठरा त्याने टाकला."

"हो."

"मग मूळ प्रोग्राममध्ये साडेवीस कुणी टाकला?"

त्यांनी मास्टर फोल्डरमधल्या फाईलची तारीख पाहिली. मग वहीतलं त्या तारखेचं पान काढलं. त्या दुपारी त्यांनी दुसऱ्या पंपाचा प्रोग्राम बनवला होता. त्यासाठी पहिल्या पंपाचा प्रोग्राम तुलनेच्या खिडकीत उघडला होता आणि नियमाप्रमाणे उजवीकडच्या, हिरव्या पट्टीच्या प्रतीत खोलीचा आकडा बदलून साडेवीस केला होता. सवयीप्रमाणे आधी सेव्ह केलं होतं. मग तीच फाईल नव्या नावाने ठेवली होती. उजवीकडची प्रत मशीनची नव्हती. ती मूळ होती.

"मी," ते म्हणाले. "नियमाने वागून."

बोरस्ते साहेब खालून आले तेव्हा साडेपाच वाजले होते. देवरे सरांनी आधी गावितला बोलवायला लावलं आणि तो येईपर्यंत काही सांगितलं नाही. मग दोघांसमोर सगळं पुन्हा करून दाखवलं, त्या दोन छोट्या फायलींसकट. लाल पट्टीकडे पेठ बघून गावित हसला.

"आमचं गाव मास्टर झालं म्हनायचं."

"बाजू उलटल्या होत्या," देवरे सर म्हणाले. "तुझं बरोबर होतं."

बोरस्ते साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी लगेच पेन्सिलचा गोल खोडला. मग गावितला जायला सांगणार होते, पण देवरे सरांनी त्याला थांबवून घेतलं. त्यामुळे साहेबांना जे बोलायचं होतं ते त्याच्यासमोरच बोलावं लागलं.

"ठीक आहे. कॉम्प्युटरचा प्रॉब्लेम. जुनी सिस्टीम आहे, असं होतं. गावित क्लिअर, तुम्ही क्लिअर. रिपोर्टमध्ये तेवढंच लिहा."

"कॉम्प्युटरने बाजू बदलल्या. आकडा मी टाइप केला. डिस्क मी बदलली. आणि बदलल्यावर ताडून पाहायला ज्या फायली घेतल्या त्यात फरकच नव्हता, तर बाजू कळणार कशा? ती तपासणीच चूक होती."

"देवरे, तुमची मुदतवाढ माझ्या टेबलावर आहे. जानेवारीत साठ होताय. हा रिपोर्ट आणि तो अर्ज एकाच माणसाकडे जाणार."

"जाऊ द्या."

"कशाला पण? कुणाचं नुकसान होतंय?"

देवरे सरांनी गावितकडे बोट केलं नाही, पण बघितलं. "कॉम्प्युटर चुकला असं लिहिलं तर सही न करता आकडा बदलणारा म्हणून त्याचं नाव राहतंच. माझा आकडा चुकीचा होता असं लिहिलं तर त्याने तो दुरुस्त केला असं होतं. दोन वेगळी वाक्यं आहेत."

मग देवरे सर गावितकडे वळले. त्यांना एक गोष्ट अजून समजत नव्हती.

"बाराव्याला गेज लावलास. त्याआधी काहीच कळलं नाही का?"

"कळलं व्हतं. पयल्याच नगाला. तळ पातळ व्हायला लागला की आवाज फुटतो. लय फरक पडतो."

"मग थांबवलं का नाहीस?"

"प्रोग्राम तुमचा हाय, म्हणलं. सरांचा आकडा चुकायचा नाय. माल नवीन ओतलेला व्हता, मला वाटलं लोखंडच येगळं असंल. आपलाच कान चुकला असंल."

देवरे सरांनी माझ्याकडून अहवाल मागून घेतला आणि माझ्या छापील ओळींखाली पेनने स्वतः लिहिलं. ते पान माझ्या डोळ्यांसमोर आहे. 'मूळ प्रोग्राममध्ये चुकीचा आकडा मी लिहिला. श्री. आनंदा गावित यांनी केलेला बदल बरोबर होता. ऑपरेटरच्या सहीसाठी रजिस्टरमध्ये रकाना करावा. अकरा नग माझ्यावर विश्वास ठेवल्यामुळे गेले.' शेवटचं वाक्य बोरस्ते साहेबांना अहवालात नको होतं. मीही म्हणालो, हे वाक्य अहवालाच्या भाषेत बसत नाही. ते म्हणाले, "नसू दे. खरं आहे का ते बघ." मी राहू दिलं.

यादी सोमवारी गेली, तिन्ही नावांसह. गावित डिसेंबरात परमनंट झाला. त्याने त्या अहवालाची झेरॉक्स मागितली, घरी दाखवायला. देवरे सरांच्या अर्जाला उत्तर आलं की मुदतवाढ शक्य नाही. कारण लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "कारण दिलेलं नाही म्हणजे कारण नाही, असं होत नाही. सापडलं नाही एवढंच." आणि कामाला लागले. उरलेल्या सहा आठवड्यांत त्यांनी एडिटरच्या सेटिंगमधून आखूड नावं काढून टाकली आणि फोल्डरची नावंच बदलून रिकामी जागा नसलेली केली. एवढं साधं सहा वर्षांपूर्वी का सुचलं नाही, हा प्रश्न त्यांनी वहीत लिहून ठेवला होता. त्याखाली उत्तर नव्हतं.

शेवटच्या दिवशी दुपारी वरच्या मजल्यावर निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, बोरस्ते साहेबांचं भाषण. देवरे सर दोन वाक्यं बोलले आणि बसले. कार्यक्रम संपल्यावर ते शाल तशीच खांद्यावर ठेवून जिन्याने खाली शेडमध्ये गेले. त्यांचा डबा टेबलावर राहिला होता, तो घेऊन मी मागे गेलो.

गावितच्या मशीनपाशी तीन हाउसिंग वेगळी ठेवलेली होती. ओतताना आत पोकळी राहिल्यामुळे आधीच रद्द ठरलेली. दोघांचं आधी काही बोलणं झालं असावं. गावितने पहिलं चढवलं आणि साडेअठराने चालवलं. देवरे सर मशीनच्या दाराला लागून उभे राहिले, मान एका बाजूला कलती करून. हत्यार आत गेलं, फिरलं, बाहेर आलं.

"हा बराबर," गावित म्हणाला. "आता ऐका."

त्याने दुसरा नग चढवला आणि पॅनेलवर आकडा बदलायला बोट नेलं. तिथेच थांबला. रजिस्टर बाजूच्या खुंटीवर टांगलेलं होतं, ऑपरेटरच्या सहीचा नवा रकाना आखलेलं.

"सर, आधी नोंद करू का?"

"राहू दे. आधी ऐकू दे."

गावितने साडेवीस टाकला आणि मशीन चालू केलं. देवरे सरांनी डोळे मिटले. मला काही वेगळं ऐकू आलं नाही. शेवटाला गावितने हात वर केला, म्हणजे इथे. हत्यार बाहेर आलं, त्यावर पडणारं गार पाणी थांबलं.

"आला आवाज?"

देवरे सरांनी डोळे उघडले. "नाही. परत लाव."

गावितने तिसरं हाउसिंग उचललं.